यंत्राची घरघर

चुडाव्यात परत हडंबे सुरू झाले. शहरातल्या लोकांसाठी सांगते, हडंबा म्हणजे मळणीयंत्र. ट्रॅक्टरला जोडायचं, वरून सोयाबीनचं वाळलेलं काड कोंबायचं, एका बाजूनं दाणे पडतात आणि दुसऱ्या बाजूनं भुसकटाचा झोत निघतो. दसरा सरला की आमच्या शिवारात हा झोत सुरू होतो आणि दिवाळी होऊन गेली तरी थांबत नाही. दोरीवरचं धुणं, तुळशीची पानं, दुधावरची साय, सगळ्यावर तो पिवळट धुराळा बसतो. अंगाला खाज सुटते, घसा खवखवतो. आणि आवाज तर विचारूच नका. स्टेशनात गाडी येऊन निघून गेली तरी पत्ता लागत नाही. लोक म्हणतात, सुगी आली. आली तर येऊ दे. मी खिडक्या लावून घेते.

खिडक्या लावल्या की कोपऱ्यातलं ते दुसरं यंत्र दिसतं. पांढरं, गुळगुळीत, पिठाच्या डब्याएवढं. घरातली हवा साफ करायचं यंत्र. जुन्या साडीची खोळ शिवून मी त्याच्यावर घातली आहे. धूळ बसू नये म्हणून नाही, तोंड दिसू नये म्हणून. गेल्या सुगीभर ते ह्यांच्या उशाशी वाजत होतं. आता हे नाहीत आणि ते आहे. असा न्याय.

हे म्हणजे आमचे हे. नाव घ्यायची सवय नाही. मी पूर्णेच्या शाळेत मराठी शिकवते, पोरींना बरोबरीच्या हक्कावर निबंध लिहायला लावते, पण नवऱ्याचं नाव उखाण्यापलीकडं माझ्या तोंडातून कधी निघालं नाही. त्यांच्याही तोंडातून माझं निघालं नाही. मला हाक मारायची तर ते म्हणायचे, "ऐकलं का!" बस्स. तेच माझं नाव. ह्यांच्या स्वतःच्या मालकीचा हडंबा होता. सुगीत गावोगाव फिरायचा, राणीसावरगावापर्यंत जायचा, पण घरामागच्या खळ्यावर मळणी असली की हे हडंब्यावर उभं राहून तिथूनच ओरडायचे, "ऐकलं का! पाणी पाठव!" त्या एवढ्या गदारोळात ती हाक मला चुलीपाशी स्पष्ट ऐकू यायची. शेजारची गयाबाई तिच्या अंगणातून ओरडायची, "ऐकलं म्हणते की तुमची बायको, सगळ्या गावानं ऐकलं!" हडंब्यानं ह्यांचा आवाजच तसा करून ठेवला होता. घरात दोघंच असलो तरी बोलणं तसंच मोठ्यानं. मी वैतागायचे. हळू बोला, मी काय बहिरी आहे का, असं म्हणून म्हणून माझं तोंड दुखलं. घ्या आता.

उभा जन्म धुराळा खाल्लेला माणूस. तोंडाला उपरणं बांधायचं, तेही फोटोपुरतं. पुढं दम लागायला लागला. मग जिना चढवेना, मग ओसरी उतरवेना. परभणीच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडासमोर धरला आणि म्हणाले, "यांना धुळीपासून लांब ठेवा." चुडाव्यात! सुगीच्या तोंडावर! मी म्हटलं, डॉक्टर, कुठं ठेवू, फडताळात? त्यांना काही ते आवडलं नाही.

तेव्हा ह्यांची पुतणी मृण्मयी धावून आली. धाकट्या दिरांची मुलगी, पुण्यात असते. तिच्या कंपनीचं कामच हे, की घरात वापरायच्या यंत्रांचे आवाज लोकांना कसे वाटतात ते तपासायचं. वाटलं तर हसा, मीही हसले होते. यंत्र हवा किती साफ करतं ते बघणारे वेगळे. हिचे लोक फक्त विचारतात, आवाज कसा वाटला. माणसं म्हणे आवाजाला कंटाळून यंत्र बंद करून टाकतात, मग साफ हवा काय कामाची. लहान गावातली काही घरं त्यांना हवीच होती. मृण्मयीनं आमचं नाव दिलं आणि यंत्र घेऊन स्वतः आली. पोरगी मनानं चांगली आहे. राग तिच्यावर नाही, निदान रोज तरी नाही.

"काकू, काही करायचं नाही तुम्हाला," ती म्हणाली. "हा फोन काकांच्या उशापाशी ठेवायचा. टिंग वाजला की तो प्रश्न विचारतो आणि मग आपोआप ऐकायला लागतो. काकांनी नुसतं बोलायचं. फक्त काका बोलत असताना दुसऱ्या कुणी मधे बोलायचं नाही हं. नाहीतर मोजणी बिघडते."

मोजणी बिघडते. हे दोन शब्द मी नीट ध्यानात ठेवले. शिस्तीची बाई ना मी.

प्रश्न तर असे की मराठीच्या मास्तरणीला घेरी यावी. 'हा आवाज तुम्हाला किती उबदार वाटतो?' गयाबाई तेव्हा दारातच उभी होती. ती म्हणाली, "उबदार? शेगडी हाय का काय ती? मला तर बिनपाण्याचा कूलर दिसायलाय." मग 'हा आवाज किती टोकदार आहे?' आणि सगळ्यांवर कडी म्हणजे, 'या आवाजासोबत तुम्ही जगू शकाल का?' हे उशीला टेकून बसले होते. माझ्याकडं तिरकं बघत फोनला म्हणाले, "जगतो की. हिच्यासोबत जगलोच न्हाई का इतके दिवस?" हसले आणि हसता हसता खोकल्याची उबळ आली. मी पाठ चोळत होते आणि मलाही हसू आवरत नव्हतं. ते शेवटचं हसणं होतं का? नसेल. पण मला आठवतं ते तेच.

यंत्र वाईट होतं असं मी म्हणणार नाही. धुराळा आत आला की त्याला कळायचं. दिवा तांबडा व्हायचा आणि ते आपलं आपण जोर धरायचं. ह्यांचा दम जरा खाली बसायचा. सांगायला हवं ते सांगते, खोटं कशाला बोलू. पण त्याच सुमारास ह्यांचा आवाज गेला. एवढा थोरला आवाज, उन्हात ठेवलेल्या भांड्यातल्या पाण्यासारखा आटत आटत नुसती कुजबुज राहिला. आणि खोलीत ते यंत्र. हडंबा थांबवून माणसं पाणी प्यायला बसतात तेव्हा तरी चार शब्द होतात. हे थांबतच नव्हतं.

"काय म्हणलात?"

"काई न्हाई."

"सांगा ना, काय म्हणलात?"

"काई न्हाई म्हणलं."

दिवसभर आमचं हेच. मी बटण दाबून यंत्र बंद करायची, कान त्यांच्या तोंडाशी न्यायची. दोन शब्द ऐकायला यायचे आणि तिसऱ्याला खोकला. बाहेर हडंबे गर्जत असायचे, फटीफटीतून भुसकट आत यायचं. मग परत यंत्र चालू. श्वास हवा असेल तर बोलणं नाही आणि बोलणं हवं असेल तर श्वास नाही, असला सौदा. त्यांनी श्वास घ्यावा म्हणून मी यंत्र चालू ठेवायची, आणि ते बोलायचं कमी करत गेले. इतक्या वर्षांच्या संसारात मी त्यांना हळू बोला, हळू बोला म्हणाले होते. देवानं नेमकी तेवढीच प्रार्थना ऐकावी का? हलकटपणाला काही सीमा असते.

एक दिवस टिंग वाजलं. फोननं विचारलं, "या आवाजाचं एका शब्दात वर्णन करा." ह्यांनी डोळे मिटून जरा ऐकलं आणि म्हणाले, "घरघर वाटायलीय."

मी चरकले. आता हे कसं समजावून सांगू? सहावीच्या पोरांना मी ध्वनिदर्शक शब्द पाठ करून घेते, पानांची सळसळ, नाण्यांचा छनछनाट, विमानाची घरघर. तेवढ्यापुरता शब्द साधा आहे. पण त्याच वर्गात पुढच्या आठवड्यात वाक्प्रचार येतात, आणि त्यात 'घरघर लागणे' येतं. माणूस जायला निघाला की त्याच्या छातीतून जो आवाज येतो, त्याचं नाव घरघर. आपल्याकडं कारखाने बुडायला आले तरी पेपरवाले लिहितात, अमक्याला घरघर लागली. आजाऱ्याच्या खोलीत तो शब्द कुणी उच्चारत नाही.

"शुभ बोला जरा," मी दातओठ खात म्हणाले.

"त्याला लागली म्हणलं. मला न्हाई," ते कुजबुजले आणि यंत्राकडं बोट दाखवून डोळा बारीक केला. खट्याळ माणूस. मरणाचीसुद्धा टर उडवणार.

त्यानंतरची एक दुपार आहे. तीच मला वर्षभर पुरली. शाळेला दिवाळीची सुट्टी लागली होती. मी खोलीतच भिंतीला टेकून लसूण सोलत बसले होते. हे डाव्या कुशीवर, खिडकीकडं तोंड करून पडले होते, तसं पडलं की त्यांना दम कमी लागायचा. त्यामुळं मला दिसायची ती पाठ, कानामागचे पांढरे केस आणि उशीपाशी ठेवलेला फोन. शेजारच्या खळ्यावर मळणी चालू होती, दिवा तांबडा होता आणि यंत्र पूर्ण जोरात होतं. फोन टिंग वाजला. प्रश्न झाला. आणि हे बोलायला लागले.

बोलायला लागले ते थांबेचनात. एरवी एका शब्दात गुंडाळणारा माणूस. जबडा हलताना दिसत होता, मधे दम घ्यायला थांबत होते, परत बोलत होते. मला एक अक्षर ऐकू येत नव्हतं. मनात म्हटलं, आज बघा कसं मनापासून उत्तर चाललंय, कंपनीचं नशीब. वाटलं, उठून यंत्र बंद करावं, काय एवढं सांगतायत ते ऐकावं. पण मोजणी बिघडली असती ना. मी गप्प बसले. लसणाची पाकळीसुद्धा ताटलीत हळूच ठेवली, आवाज होऊ नये म्हणून.

ते बोलायचे थांबले, मग मी मोठ्यानं विचारलं, "झालं का?"

त्यांनी मान वळवली. माझ्याकडं बघत राहिले. बराच वेळ. मग म्हणाले, "झालं." हे मात्र मला ओठांवरून कळलं. मला वाटलं, दमलेत. पाणी दिलं, उशी सरळ केली आणि लसूण घेऊन आत गेले.

शाळा उघडली आणि त्याच आठवड्यात ते गेले. दुपारी शाळा सुटल्यावर मी पूर्णेहून आले, तर गयाबाई ओसरीवर बसली होती. मी नसले की ती लक्ष ठेवायची. "झोपलेत," ती म्हणाली, "मगाधरनं तुमचं ते यंत्रच वाजायलंय नुसतं." दारातूनच मला ती घरघर ऐकू आली. मी बेजार झाले होते त्या आवाजानं, डोकं उठलं होतं. पिशवीसुद्धा खाली न ठेवता आधी त्याचं बटण दाबलं. यंत्र थांबलं. दिवा विझला.

घरघर थांबली नाही.

पुढचं काय सांगायचं? संध्याकाळपर्यंत ती घरघर चालली आणि मग तीही थांबली. एक शब्द बोलले नाहीत. मी कान लावून बसले होते, यंत्र बंद होतं, हडंबे बंद होते, गावानं आमच्यासाठी मळणी थांबवली होती. ऐकायला सगळं मोकळं होतं आणि बोलायला कुणी नव्हतं.

तेव्हापासून मी एका गोष्टीवर दिवस ढकलले. ती दुपार. जे काही ते एवढं भरभरून बोलले, ते मी ऐकलं नाही, पण फोननं ऐकलं. पुण्याच्या कचेरीत कुठंतरी ते असणार. यंत्राच्या आवाजाबद्दल असेना का. टोकदार म्हणाले असतील, उबदार म्हणाले असतील. शेवटचं इतकं लांब बोलणं आहे ते, मला ऐकायचं आहे. मृण्मयीला विचारायचा धीर होत नव्हता. नाही म्हणाली तर? म्हणून वर्षभर विचारलंच नाही. आहे, आहे, असं मानून चालले.

मग गेल्या आठवड्यात, इथं हडंब्यानं पहिला घास घेतला त्याच दिवशी, तिचाच फोन आला. आवाजात नुसता आनंद. "काकू, एक गोड बातमी आहे! आपण तपासलेलं यंत्र आता बाजारात येतंय. आणि त्याचा आवाज कंपनीनं बदलला नाही, आहे तसाच ठेवला. का माहितीये? काकांमुळे! लहान गावातल्या उत्तरांत काकांचं उत्तर सगळ्यांना इतकं आवडलं! त्यांनी ते जाहिरातीत सगळ्यात वर लावलंय. 'या यंत्राचा आवाज ऐकला की घरी असल्यासारखं वाटतं.'"

"असं ते कधी म्हणाले?"

"अहो, एका शब्दात सांगा म्हटलं होतं ना, तेव्हा. लोक बोलतात ते कॉम्प्युटरच लिहून घेतो आणि मग त्याचं इंग्रजी करतो. तिथं लिहिलंय, घर, घर वाटतंय."

घर, घर वाटतंय! एक स्वल्पविराम टाकला आणि मरण पुसून टाकलं. पोरांचा असल्या चुकीला मी अर्धा गुण कापते. ह्यांनी त्या यंत्राची तिरडी बांधली होती आणि कंपनीनं तिचं तोरण करून दाराला लावलं. आता गावोगावच्या घरांत आजाऱ्यांच्या उशाशी ती घरघर लागणार, आमच्या ह्यांच्या शिफारशीवर. मी हसले. मला थांबताच येईना. मृण्मयीला वाटलं मी आनंदानं हसतेय. वाटू दिलं. तिला त्या शब्दाचा अर्थ सांगितला नाही. पुण्यात इंग्रजी शाळेत शिकलेली पोर, तिनं तो कधी ऐकलाच नसणार, आणि काकाच्या तोंडून पहिल्यांदा कशाला ऐकावा.

पण त्या हसण्यानं माझी भीड चेपली. म्हटलं, "मृण्मयी, एक काम कर. सुट्टीतल्या एका दुपारी काका खूप वेळ बोलले होते. ते मला ऐकव."

"आवाज नाही ठेवत काकू. लिहून झालं की पुसतात, तसा नियम आहे. पण लिहिलेलं असेल. थांबा, बघते." ती बघत होती तोवर मी फोन दोन्ही हातांनी धरला होता. बाहेर हडंबा चालू होता. मी दुसऱ्या कानात बोट घातलं.

"हं, सापडलं. अगं बाई! खूप बोललेत, पण काही लागलेलं नाहीये. यंत्राचा आवाज, यंत्राचा आवाज, असंच लिहिलंय सगळं. फक्त सुरुवातीचं तेवढं कळलंय. आणि तेही काही उत्तर नाहीये, काकू. 'वापरणारा फोन चालू आहे का ते तपासत आहे,' असा शेरा आहे."

"म्हणजे काय म्हणाले?"

"'ऐकलं का.' तेवढंच. आणि मग ते सगळं अस्पष्ट. काकू? काकू, ऐकू येतंय का?"

येत होतं. सगळं ऐकू येत होतं. हे फोन तपासत नव्हते. जन्मात त्यांनी त्या दोन शब्दांनी दुसऱ्या कुणाला हाक मारली नाही. फोनचा प्रश्न त्यांनी कानाआड केला होता आणि ते मला बोलावत होते. जेवढा होता नव्हता तेवढा श्वास त्यांनी त्या बोलण्यावर घातला. आणि मी हातभर अंतरावर, तोंड मिटून, लसूणसुद्धा न वाजवता बसले होते, मोजणी बिघडू नये म्हणून. काय सांगितलं असेल, काय विचारलं असेल, कशाची माफी मागितली असेल की मला दिली असेल, ते आता कुणालाच कळायचं नाही. सगळं सांगून झाल्यावर त्यांनी मान वळवली होती ती उत्तरासाठी.

आणि मी उत्तर काय दिलं, तर "झालं का?"